पंप कधी चालू करायचा? चौदा गेटांचं काम चार गेटांत कसं बसतं

चिप हा शब्द गेल्या काही वर्षांत बातम्यांमध्ये रोजचा झाला आहे. डिसेंबर २०२१मध्ये केंद्र सरकारनं सेमीकंडक्टर उद्योगासाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. तेव्हापासून कारखाने, गुंतवणूक, नोकऱ्या यांवर भरपूर छापून येतं. पण चिपचं 'डिझाइन' करतात म्हणजे नेमकं काय करतात, हे त्यात क्वचितच असतं. ज्यांच्या घरात कुणी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्यांनी वहीत शून्य आणि एक यांनी भरलेले चौकोन आणि त्यांभोवती काढलेली वेटोळी पाहिली असतील. हे काय, असं विचारलं तर 'के-मॅप, एक्स्प्रेशन सिम्प्लिफाय करतोय' एवढंच उत्तर मिळतं आणि विषय तिथेच संपतो.

खरं तर तो तिथे संपायला नको. त्या वेटोळ्यांमागचा विचार कुणालाही समजण्यासारखा आहे आणि तो समजला की चिपच्या रचनेतला एक मोठा भाग उलगडतो. त्यासाठी मुंबईतल्या जवळपास प्रत्येक इमारतीत असलेली एक गोष्ट घेऊ: पाण्याचा पंप.

पंपाचे चार प्रश्न

पालिकेचं पाणी बहुतेक इमारतींना दिवसातून ठरावीक वेळच येतं. ते आधी जमिनीखालच्या टाकीत साठतं आणि तिथून पंपानं गच्चीवरच्या टाकीत चढवलं जातं. पंप कधी चालवायचा हे कुठे वॉचमन ठरवतो, कुठे भिंतीवरचं ऑटोमॅटिक पॅनल. पॅनल ठरवणार असेल तर त्याला चार गोष्टी कळायला हव्यात. प्रत्येकीचं उत्तर फक्त 'हो' किंवा 'नाही' असं आहे.

ख: खालच्या टाकीत पंप चालवण्याइतकं पाणी आहे का?
त: वरच्या टाकीच्या तळाजवळचा सेन्सर पाण्यात आहे का?
म: त्याच टाकीच्या माथ्याजवळचा सेन्सर पाण्यात आहे का?
ब: वॉचमननं पंपाचं बटण चालू केलं आहे का?

'हो' म्हणजे १, 'नाही' म्हणजे ०. चार प्रश्नांच्या उत्तरांच्या एकूण १६ जोडण्या होतात. प्रत्येक जोडणीपुढे पंप चालू की बंद हे लिहिलं की जो तक्ता तयार होतो, त्याला सत्यसारणी म्हणतात. कॉलेजात त्यालाच ट्रुथ टेबल म्हणतात. ही सारणी लिहिणं हे माणसाचं काम आहे. त्यात पुढचं कुठलंच गणित कामाला येत नाही, पंपाची आणि पाण्याची समज कामाला येते.

आपला नियम साधा ठेवू. खाली पाणी नसेल तर पंप कधीच चालवायचा नाही, कारण कोरडा फिरला तर त्याचं सील जळतं. वरची टाकी भरलेली असेल तर बटण दाबलेलं असूनही चालवायचा नाही. वरचं पाणी तळाच्या सेन्सरच्या खाली गेलं तर आपोआप चालवायचा. आणि टाकी अर्धवट असेल तर बटण दाबलं असेल तरच चालवायचा.

या नियमानं सोळा ओळींपैकी तीनच ओळींत पंप चालू राहतो:

खाली पाणी आहे, वर तळ कोरडा, माथा कोरडा, बटण बंद.
खाली पाणी आहे, वर तळ कोरडा, माथा कोरडा, बटण चालू.
खाली पाणी आहे, वर तळ ओला, माथा कोरडा, बटण चालू.

'आणि', 'किंवा', 'नाही': एवढीच भाषा

इंग्रज गणिती जॉर्ज बूल यानं १८४७ आणि १८५४ साली लिहिलेल्या ग्रंथांमध्ये एक कल्पना मांडली: माणसाचा तर्क बीजगणितासारखा लिहिता येतो. या बीजगणितात संख्या दोनच, ० आणि १, आणि क्रिया तीन: आणि, किंवा, नाही. बूल १८६४ साली गेला. त्याच्या हयातीत या गणिताचा यंत्रांशी काही संबंध नव्हता. तो जोडला क्लॉड शॅनन या अमेरिकन विद्यार्थ्यानं, १९३७ साली, एमआयटी या अमेरिकन विद्यापीठातल्या आपल्या पदव्युत्तर प्रबंधात. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या रिलेंच्या, म्हणजे विजेनं उघडझाप होणाऱ्या स्विचांच्या, जाळ्याला बूलचं बीजगणित जसंच्या तसं लागू होतं, हे त्यानं दाखवलं. एकामागोमाग जोडलेले दोन स्विच म्हणजे 'आणि', समांतर जोडलेले दोन स्विच म्हणजे 'किंवा'. म्हणजे सर्किट लहान करायचं असेल तर सोल्डरिंगची बंदूक हातात घेण्याआधी कागदावर समीकरण लहान करता येतं. या लेखातलं सगळं त्या एका वाक्यातून येतं.

या तीन क्रिया करणाऱ्या छोट्या सर्किटांना गेट म्हणतात: अँड गेट, ऑर गेट, नॉट गेट. लिहिताना 'आणि'साठी टिंब, 'किंवा'साठी अधिक चिन्ह आणि 'नाही'साठी अक्षराच्या पुढे वरच्या बाजूला छोटी रेघ वापरू. मग पंपाच्या तीन ओळी अशा दिसतात:

पंप = ख·त′·म′·ब′ + ख·त′·म′·ब + ख·त·म′·ब

जसंच्या तसं बांधलं तर

हे समीकरण बरोबर आहे. ते जसंच्या तसं बांधलं तरी पंप नीट चालेल. पण सामान किती लागेल? प्रत्येक पदात चार गोष्टी 'आणि'ने जोडायच्या, म्हणजे दोन इनपुटांचे तीन अँड गेट. तीन पदांचे नऊ. पदं एकत्र करायला दोन ऑर गेट. त, म आणि ब यांची उलट उत्तरं मिळवायला तीन नॉट गेट. एकूण चौदा.

ग्रँट रोड स्टेशनपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर लॅमिंग्टन रोड आहे. पाटीवर त्याचं नाव डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण इलेक्ट्रॉनिक्सवाले सगळे जुनंच नाव घेतात. तिथल्या काउंटरवर हे गेट सुटे मिळत नाहीत, चिपमध्ये मिळतात. ७४०८ या चिपमध्ये चार अँड गेट असतात, ७४३२मध्ये चार ऑर, ७४०४मध्ये सहा नॉट. नऊ अँडसाठी तीन चिप, ऑरची एक, नॉटची एक: पाच चिप, प्रत्येकीला १४ पाय, म्हणजे ७० पाय. एका पंपासाठी. ब्रेडबोर्डवर ज्यानं एकदा ही जोडणी केली आहे त्याला ठाऊक आहे की यातली एक वायर ढिली राहिली की शोधण्यात अख्खी दुपार जाते.

ज्या प्रश्नानं उत्तर बदलत नाही

पहिली दोन पदं पुन्हा पाहा. ख·त′·म′·ब′ आणि ख·त′·म′·ब. त्यांत फरक एकाच अक्षराचा आहे. खाली पाणी आहे, वर तळ कोरडा पडलाय. बटण बंद असलं तरी पंप चालू, चालू असलं तरी पंप चालू. मग बटणाकडे पाहायचंच कशाला?

सोसायटीच्या बँक खात्याचा ठराव कुणी असा लिहिला: 'अध्यक्षांची आणि सचिवांची सही असेल तर चेक वटेल, अध्यक्षांची सही असून सचिवांची नसेल तरीही चेक वटेल.' वाचणारा लगेच म्हणेल की चेकला अध्यक्षांची सही पुरे. सचिवांचा उल्लेख ठरावात दोनदा आहे आणि त्यांच्या सहीनं काहीच ठरत नाही.

बूलच्या बीजगणितात सोपं करायचं म्हणजे मुळात एवढंच. समीकरण आखूड करणं हा त्याचा परिणाम. खरं काम म्हणजे कुठला प्रश्न विचारायची गरज नाही ते शोधणं. पहिली दोन पदं मिळून ख·त′·म′ होतं, बटण गळून पडतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या पदात फरक फक्त तळाच्या सेन्सरचा आहे. ती दोन मिळून ख·म′·ब होतं. दुसरं पद दोनदा वापरलं, हे खटकलं असेल, तर ते चालतं: तेच कारण दोनदा सांगितल्यानं 'किंवा'चं उत्तर बदलत नाही. आता दोन्ही पदांत ख·म′ सामाईक आहे. ते बाहेर काढलं की उरतं:

पंप = ख·म′·(त′ + ब)

मोठ्यानं वाचा: खाली पाणी आहे, वर टाकी भरलेली नाही, आणि एक तर तळ कोरडा आहे किंवा कुणी बटण दाबलंय. हे तर आपण सुरुवातीलाच म्हणालो असतो! चांगल्या सोप्या रूपाची ही खूण आहे, ते माणसाला वाचता येतं. दोन अँड, एक ऑर, दोन नॉट. चौदाच्या जागी पाच गेट.

वहीतला तो चौकोन

चार प्रश्नांत अशा जोड्या नजरेला सापडतात, पण नेहमी सापडतील याची खात्री नसते. अमेरिकेतल्या बेल लॅब्समधल्या मॉरिस कार्नो यानं १९५३ साली यासाठी एक युक्ती मांडली. एडवर्ड वीच यानं आदल्याच वर्षी काढलेल्या तक्त्याची ती सुधारित आवृत्ती होती. कार्नोच्या नावावरूनच के-मॅप हे नाव पडलं. सोळा ओळींची सत्यसारणी चार बाय चारच्या चौकोनात मांडायची, पण शेजारच्या दोन घरांत नेहमी एकाच प्रश्नाचं उत्तर बदललेलं असेल अशा क्रमानं. त्यामुळे क्रम ००, ०१, १०, ११ असा न ठेवता ००, ०१, ११, १० असा ठेवतात. नवख्या विद्यार्थ्यांची सगळ्यात जास्त चूक इथेच होते. ०१ नंतर १० लिहिलं की एकदम दोन उत्तरं बदलतात आणि शेजार मोडतो.

आपल्या पंपाचा चौकोन असा (उभ्या बाजूला ख त, आडव्या बाजूला म ब):

| ख त \ म ब | ०० | ०१ | ११ | १० |
|---|---|---|---|---|
| ०० | ० | ० | × | × |
| ०१ | ० | ० | ० | ० |
| ११ | ० | १ | ० | ० |
| १० | १ | १ | × | × |

शेवटच्या ओळीतले शेजारी-शेजारी दोन १ म्हणजे ख·त′·म′. ०१च्या स्तंभातले वर-खाली दोन १ म्हणजे ख·म′·ब. वेटोळी काढायची ती अशीच: एक, दोन, चार, आठ अशा संख्येच्या आयताकृती गटांभोवती. गट दुप्पट झाला की एक प्रश्न गळतो. चौकोनाची डावी कड उजवीला आणि वरची खालच्या कडेला लागून आहे असं धरायचं, कारण तिथेही एकच उत्तर बदलतं.

कधीच न येणारी ओळ

तक्त्यातल्या × या खुणा काय आहेत? तिथे त शून्य आहे आणि म एक: टाकीचा तळ कोरडा आणि माथा पाण्यात. पाणी असं हवेत तरंगत नाही. ही परिस्थिती येणारच नाही, म्हणून तिथे पंपानं काय करायचं याचा विचार नियम लिहिताना केलेलाच नाही. सर्किटवाले अशा घराला 'डोंट केअर' म्हणतात: सोयीनं तिथे ० धरा किंवा १. सोयीचं म्हणजे ज्यानं गट मोठा होईल ते.

पुस्तकातल्या रीतीनं गेलं तर शेवटच्या ओळीतले दोन्ही × आपण १ धरू. मग ती अख्खी ओळ चार घरांचा एक गट होते आणि ख·त′·म′ ऐवजी नुसतं ख·त′ उरतं. माथ्याच्या सेन्सरचा प्रश्नही गळाला. समीकरण होतं:

पंप = ख·त′ + ख·म′·ब

परीक्षेत याला पूर्ण गुण मिळतील. पण पंपाच्या खोलीत थोडं थांबायला हवं. तळाचा सेन्सर गाळात रुतला, त्याची वायर गंजून तुटली, उंदरानं कुरतडली, तर तो कायम 'कोरडा' असंच सांगणार. टाकी भरते, माथ्याचा सेन्सर ओला होतो, आणि नवं समीकरण त्याच्याकडे बघतच नाही, कारण ख·त′मध्ये म नाही. खालचं पाणी संपेपर्यंत पंप चालू राहणार आणि गच्चीवरून पाणी वाहत राहणार. 'कधीच न येणारी' ओळ आली ती सेन्सर बिघडल्यामुळे. पाण्याच्या नियमांशी तिला देणंघेणं नव्हतं.

आधीचं समीकरण, ख·म′·(त′ + ब), याच बिघाडात पंप बंद करतं. त्यात त्या × घरांना ० धरलेलं आहे. आणि किंमत? ख·त′ + ख·म′·बमधून ख बाहेर काढलं तर ख·(त′ + म′·ब) होतं: दोन अँड, एक ऑर, दोन नॉट. पुन्हा पाचच गेट. म्हणजे इथे सुरक्षितता फुकट मिळते आहे, फक्त कुणीतरी तो प्रश्न विचारायला हवा. मला हा या विषयाचा सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतो आणि वर्गात त्यावर सगळ्यात कमी वेळ जातो. 'ही परिस्थिती येत नाही' आणि 'ही परिस्थिती आली तर काहीही झालेलं चालेल' ही दोन वेगळी विधानं आहेत. × लिहिताना आपण दुसरं विधान करत असतो.

मोठ्या चिपमध्येही न वापरलेल्या घरांवर बरंच काही अवलंबून असतं. १९९४ साली इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरमध्ये भागाकार चुकत असल्याचं उघड झालं. भागाकारासाठी चिपमध्ये कोरलेल्या सारणीत पाच ठिकाणी २ हवा होता तिथे ० राहिला होता. त्या भरपाईपोटी इंटेलनं ४७.५ कोटी डॉलर बाजूला काढले. सुधारित चिपमध्ये सारणीतल्या न वापरल्या जाणाऱ्या जागांवरही २ भरला. त्यामुळे चुकून ० गाठण्याचा धोका गेला आणि समीकरणं सोपी होऊन सारणी आकारानं लहानही झाली.

बंद ठेवायची कारणं मोजली तर

पाच गेट झाले, पण तीन प्रकारचे, म्हणून चिप अजून तीन लागतात. आणखी कमी होईल का?

आतापर्यंत आपण पंप कधी चालू करायचा याची यादी केली. आता उलटं करू, बंद ठेवायची कारणं मोजू. खाली पाणी नाही, हे एक. वरची टाकी भरली, हे दुसरं. वर तळ ओला आहे आणि बटणही दाबलेलं नाही, म्हणजे गरजच नाही, हे तिसरं. यांपैकी एकही कारण नसेल तर पंप चालू. 'यांपैकी एकही नाही' हे एका झटक्यात सांगणारा गेट आहे, नॉर. त्याची सगळी इनपुट ० असतील तरच तो १ देतो. 'सगळं आहे'चं रूपांतर 'एकाचीही उणीव नाही' अशात करण्याचा हा नियम ऑगस्टस डी मॉर्गन या गणितज्ञाच्या नावानं ओळखला जातो. १८०६ साली त्याचा जन्म आपल्याकडे, मदुराईला झाला होता.

अजून एक सवलत पंपाच्या खोलीतून मिळते. फ्लोट स्विच दोन्ही प्रकारे जोडता येतो, पाण्यानं वर उचलला की संपर्क जुळेल असा किंवा सुटेल असा. म्हणजे तळाचा आणि खालच्या टाकीचा स्विच 'कोरडं असेल तर १' असे जोडले की त′ आणि ख′ आयतेच मिळतात, नॉट गेट लागत नाहीत. मग:

पहिला नॉर: त′ आणि ब घेतो. दोन्ही ० असतील, म्हणजे तळ ओला आणि बटण बंद असेल, तर 'गरज नाही' असं सांगतो.
दुसरा नॉर: ख′ आणि म घेतो. खाली पाणी असेल आणि वर टाकी भरलेली नसेल तर 'चालवता येईल' असं सांगतो.
तिसरा नॉर: दुसऱ्याचं उत्तर उलटं करतो, दोन्ही पाय एकत्र जोडून.
चौथा नॉर: पहिल्याचं आणि तिसऱ्याचं उत्तर घेतो. दोन्ही ० असतील तर पंप चालू.

चार नॉर गेट. ७४०२ या चिपमध्ये बरोबर चारच असतात. पाच चिपचं काम एका चिपवर आलं. घेताना एक लक्षात ठेवावं: ७४०२चे पाय भावंडांसारखे नाहीत. ७४०० (यात नँड, म्हणजे अँडच्या उलट उत्तर देणारे गेट असतात), ७४०८, ७४३२मध्ये १ आणि २ नंबरचे पाय इनपुट आणि ३ आउटपुट असतो. ७४०२मध्ये १ नंबर आउटपुट आणि २, ३ इनपुट. लॅबमध्ये 'चिप गेलीय' म्हणून बाजूला टाकलेल्या कितीतरी ७४०२ धडधाकट असतात. आणि चिपचं आउटपुट पाच व्होल्टचं, काही मिलिअँपिअरचं; त्यावर मोटर चालत नाही. मध्ये ट्रान्झिस्टर, रिले आणि कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरसाठीचा दणकट रिले, लागतो. मोटरच्या लाइनचं काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावं.

चिपच्या आत मोजमाप ट्रान्झिस्टरचं, म्हणजे गेट ज्यांनी बनतात त्या इवल्या स्विचांचं. आजच्या प्रचलित सीमॉस पद्धतीत नॉटला दोन, दोन इनपुटांच्या नँड किंवा नॉरला चार आणि अँड किंवा ऑरला सहा ट्रान्झिस्टर लागतात. त्या हिशेबानं पहिलं सर्किट ७२ ट्रान्झिस्टरचं, दुसरं २२चं, तिसरं १६चं. प्रत्येक ट्रान्झिस्टर जागा घेतो, स्थिती बदलताना वीज घेतो, आणि एकामागे एक गेट लागले की उत्तराला उशीर होतो. पंपाला याचं काही वाटणार नाही. सेकंदाला अब्जावधी वेळा काम करणाऱ्या प्रोसेसरमध्ये मात्र हाच हिशेब फोनची बॅटरी किती टिकते हे ठरवतो. जुन्या काळी याचा ताण आणखी मोठा होता. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) बांधलेला, १९६०मध्ये सुरू झालेला टिफ्रॅक हा संगणक व्हॅक्यूम ट्यूबवर चालायचा. तिथे वाचलेला प्रत्येक गेट म्हणजे तापणारी आणि कधीतरी जाणारी एक ट्यूब कमी.

'हे सगळं आता सॉफ्टवेअर करतं ना?'

करतं. आणि त्याला पर्याय नाही. प्रश्न एकानं वाढला की ओळी दुप्पट होतात: चार प्रश्नांना १६, दहांना १,०२४, वीसना १०,४८,५७६. के-मॅप पाच-सहा प्रश्नांपुढे डोळ्यांना झेपत नाही. क्वाइन आणि मॅक्लस्की यांनी १९५०च्या दशकात तक्त्यांनी करायची, संगणकाला शिकवता येणारी पद्धत दिली. पण सगळ्यात लहान उत्तर हमखास शोधायचं म्हटलं तर प्रश्न वाढताच तीही दमते. म्हणून १९८०च्या दशकात आयबीएम आणि बर्कली इथल्या संशोधकांनी एस्प्रेसो नावाचा प्रोग्राम तयार केला. तो सर्वोत्तम उत्तराचा हट्ट सोडून फार चांगलं उत्तर लवकर देतो. आज चिप डिझायनर वेरिलॉगसारख्या भाषेत सर्किटची वागणूक लिहितो आणि सॉफ्टवेअर त्यातून गेटांचं जाळं विणतं.

काही ठिकाणी तर गेट कमी करण्याला अर्थच उरत नाही. एफपीजीए नावाच्या, हवं ते सर्किट नंतर भरता येणाऱ्या चिपमध्ये गेटांऐवजी छोट्या सारण्या असतात. चार इनपुटांच्या सारणीत सोळा घरं असतात, आणि आपल्या पंपाची सत्यसारणी त्यात थेट मावते. चौदा गेटांचं समीकरण द्या की पाचांचं, जागा तेवढीच.

मग शिकायचं कशाला, हा प्रश्न विद्यार्थी विचारतात आणि तो रास्त आहे. माझं उत्तर असं: सॉफ्टवेअर फक्त तुम्ही दिलेली सारणी लहान करतं. × कुठे टाकायचा हे तुम्ही सांगता, आणि एकदा सांगितलं की ते त्याचा पुरेपूर फायदा घेतं. गच्चीवरून पाणी वाहील हे त्याला ठाऊक नसतं. हातानं एक-दोन के-मॅप सोडवलेल्याला × काय करतो हे डोळ्यांनी दिसलेलं असतं. सोळा ओळींवर ही सवय लागते. दहा लाख ओळींवर ती लावून घेता येत नाही.

'जितकं लहान तितकं चांगलं?'

बहुतेकदा हो, पण नेहमी नाही. समजा एक सर्किट म्हणतं: निवड १ असेल तर पहिल्या वायरीवरचं पुढे पाठव, ० असेल तर दुसरीवरचं. दोन्हीवर १ आहे. निवड १ची ० झाली. उत्तर १च राहायला हवं. पण 'नाही' काढणाऱ्या नॉट गेटला थोडा वेळ लागतो. तेवढ्या क्षणात पहिली वाट बंद झालेली असते आणि दुसरी अजून उघडलेली नसते. आउटपुट अगदी निमिषभर ० होतं. याला हॅझार्ड म्हणतात. उपाय म्हणजे एक जादा पद: दोन्ही वायरींवर १ असेल तर १. बीजगणित म्हणतं हे पद अनावश्यक, काढून टाका. सर्किट म्हणतं राहू द्या. आपल्या पंपाच्या सोप्या समीकरणात कुठलंच अक्षर सरळ आणि उलट अशा दोन्ही रूपांत येत नाही, म्हणून तिथे ही भीती नाही.

'पण आमचा पंप असा वागत नाही'

हा आक्षेप बरोबर आहे. खरा ऑटोमॅटिक पंप तळ कोरडा पडल्यावर सुरू होतो तो टाकी भरेपर्यंत चालतो. आपलं सर्किट तळाचा सेन्सर ओला होताच पंप बंद करेल, पाणी जरा उतरलं की पुन्हा सुरू करेल, आणि अशा चालू-बंदनं मोटर आणि कॉन्टॅक्टर दोन्ही लवकर खराब होतील. कारण आपण फक्त आत्ताची उत्तरं पाहतो. पंप आधी चालू होता की नव्हता हे सर्किटला आठवत नाही.

सोप्या रूपाकडे पुन्हा पाहा: ख·म′·(त′ + ब). कंसात पंप सुरू करायची कारणं आहेत, कंसाबाहेर थांबवायची. ही विभागणी मूळच्या तीन पदांत कुठेच दिसत नव्हती. आता 'आधीपासून चालू आहे' हेही चालू ठेवायचं एक कारण, म्हणून ते कंसात टाकायचं:

पंप = ख·म′·(त′ + ब + पंप)

पंपाचं उत्तर वायरीनं परत आत आलं. आता बटण दाबून धरायचीही गरज नाही, एकदा दाबून सोडलं तरी पुरे. नॉर गेट चारऐवजी सहा होतात, म्हणजे दुसरी ७४०२ लागते. पंपाजवळच्या स्टार्टरच्या डब्यात वायरमन हेच करतो: थांबवणारे संपर्क एकामागोमाग, सुरू करणारे समांतर, आणि हिरव्या बटणाला समांतर कॉन्टॅक्टरचाच एक जादा संपर्क. त्याला तो होल्डिंग म्हणतो.

या होल्डिंगची एक बाजू पॅनल बसवण्याआधी सोसायटीनं बोलून घ्यावी. भरता भरता मध्येच खालची टाकी संपली तर ख शून्य होतो, पंप थांबतो आणि आठवणही पुसली जाते. दुसऱ्या दिवशी पालिकेचं पाणी आलं तरी, वरची टाकी अर्धी असेल, तर पंप आपोआप सुरू होणार नाही. वरचं पाणी तळाच्या सेन्सरखाली जावं लागेल किंवा वॉचमनला बटण दाबावं लागेल.